भरिताची पैज

धुळ्याचे आमचे साडू आणि मी गेली सव्वीस वर्षं वाद घालतो आहोत. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या कधीच भांडत नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याचंही आम्हालाच भांडावं लागतं. विषयाची अडचण कधी आली नाही. शेवभाजीचा रस्सा धुळ्याचा जहाल की जळगावचा, ऊन भुसावळचं कडक की शिरपूरचं, जळगाव-धुळे अंतर साडूंच्या गाडीनं किती आणि माझ्या गाडीनं किती, यावर आमच्या दिवाळ्या निघाल्या. पण २०२२ च्या डिसेंबरात आम्ही ज्या विषयावर घसा बसेपर्यंत भांडलो, त्यातलं ओ की ठो दोघांनाही कळत नव्हतं. ओहायो स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड याला हाईझमन ट्रॉफी, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळणार की नाही, हा तो विषय.

साडूंचा धाकटा मुलगा कोलंबसला त्याच विद्यापीठात शिकत होता. कोलंबस म्हणजे ओहायोची राजधानी. ज्याच्या नावाचं गाव आहे तो कोलंबस भारतात यायला निघाला आणि चुकून अमेरिकेत पोहोचला. आमचा भाचा मात्र अमेरिकेलाच निघाला होता, तो बरोबर पोहोचला. एका रात्री त्याचा फोन आला.

"मावसा, यंदा आमच्या स्ट्राउडला हाईझमन मिळेल ना? तुम्ही काय म्हणता?"

मी काय म्हणणार? मी जळगावात आयुष्यभर बँकेत बसून सोनं तारण ठेवून घेतलेला माणूस. पण भाच्यानं मलाच विचारायला एक कारण होतं, आणि ते २०१४ सालचं आहे.

आम्हा दोघा साडूंची सासुरवाडी चाळीसगावची. त्या तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी २०१४ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीसाठी नगरला उतरला होता, आणि मी लग्नातल्या पंगतीत जाहीर केलं होतं, "गदा चाळीसगावला येणार." याला आधार काय, तर सासुरवाडी. जावयानं सासरच्या पैलवानाविरुद्ध बोलू नये, एवढाच माझा कुस्तीचा अभ्यास. विजयनं अंतिम फेरीत सचिन येलभरला हरवलं आणि गदा खरोखर आली. पुढच्या खेपेला नागपुरात त्यानं विक्रांत जाधवला हरवलं, तेव्हाही मी तेच म्हटलं होतं. २०१६ ला पुण्यात वारज्याला अभिजित कटकेला हरवून त्यानं तिसरी गदा घेतली, तेव्हाही तेच. तीनदा एकच वाक्य बोलून मी सासरच्या मंडळींत कुस्तीतला जाणकार ठरलो. विजय चौधरी पोलिसात उपअधीक्षक झाला आणि मी भविष्यवेत्ता.

साडूंना हे कधी पचलं नाही. चाळीसगाव त्यांचीही सासुरवाडी. त्यांनीही २०१४ ला तेच म्हटलं होतं असं त्यांचं म्हणणं आहे, पण ते मनात म्हटलं होतं. शिवाय कुस्तीचा विषय निघाला की ते १९६२ सालात शिरतात. त्या साली महाराष्ट्र केसरी धुळ्याला झाली होती आणि भगवान मोरे जिंकले होते. मी म्हणतो, १९६६ ला आमच्या जळगावला झाली, दीनानाथ सिंह जिंकले. साडू म्हणतात, आधी कुठं झाली ते बघा. ती कुस्ती झाली तेव्हा साडूंचा जन्मही झालेला नव्हता, पण धुळ्याचा माणूस आहे, पाहिल्यासारखं सांगतो.

तर भाच्याचा फोन आल्यावर मी जाणकाराच्या आवाजात विचारलं, "त्याची जोड कोणाशी लागलीय?"

भाचा म्हणाला, "जोड नसते मावसा. मतदान असतं."

हे ऐकून मी गार पडलो. पण भाच्याच्या बापाला ही बातमी कळली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. खेळ कळत नसला तरी मतदान खानदेशातल्या कुठल्याही माणसाला कळतं. त्यातून तो डिसेंबर कसा होता ते आठवा. जळगाव जिल्हा दूध संघाची निवडणूक तोंडावर होती. जानेवारीत नाशिक पदवीधर मतदारसंघाची होती, त्यात धुळे आणि जळगाव दोन्ही येतात. साडूंनी फोन स्पीकरवर ठेवला, लग्नपत्रिकेची कोरी बाजू पुढं ओढली आणि पोराला विचारलं, "मतदार किती?"

आठशे सत्तर पत्रकार, शिवाय आजवर हा मान मिळवलेले जुने खेळाडू, आणि साऱ्या जनतेचं मिळून एक मत.

"जनतेचं एकच?"

"एकच."

"बरोबर आहे," साडू म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतलं. "पुढं?"

देशाचे सहा विभाग, प्रत्येक विभागात एकशे पंचेचाळीस पत्रकार. प्रत्येकानं तीन नावं पसंतीक्रमानं द्यायची. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. हे ऐकून साडूंना अमेरिकेविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली. "अरे, हे तर आपलं पदवीधरसारखं! पसंतीची मतं! दुसऱ्या पसंतीवर निघतो माणूस." मग त्यांनी लगेच व्यावहारिक प्रश्न केला, "मतदार सहलीला कुठं नेलेत?"

भाच्याला प्रश्नच कळला नाही. सहकारातल्या निवडणुकीत मतदार मोजके असले की ते अचानक देवदर्शनाला जातात आणि थेट मतदानाच्या सकाळी परततात, ही गोष्ट त्याच्या अभ्यासक्रमात नव्हती. साडू हळहळले. "आठशे सत्तर म्हणजे पंधरा-वीस बस. स्ट्राउडच्या माणसांनी एवढंही केलं नाही?"

आता खेळाविषयी थोडं. त्याचं नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातात असतो. तो गोल नसतो. छोट्या पपईसारखा दोन्हीकडे निमुळता असतो. क्वार्टरबॅक हे नाव उच्चारल्यावर साडूंच्या बैठकीतल्या एका गृहस्थांनी जो विनोद केला तो महाराष्ट्रात क्वार्टर या शब्दावर जो होतो तोच होता, तो सोडून देतो. क्वार्टरबॅकचं काम असं : आपल्याकडचा डाव सुरू झाला की चेंडू आधी त्याच्या हातात येतो, कोण मोकळा पळतोय ते बघून त्यानं तो लांब फेकायचा, आणि हे सगळं समोरून सव्वाशे किलोचे चार-पाच गडी अंगावर येत असताना तीन-चार सेकंदांत करायचं. मी हे समजावल्यावर साडू म्हणाले, "म्हणजे लग्नातला मामा. सगळं त्याच्या हातून जातं आणि सगळे त्याच्यावरच धावून जातात." मी ही व्याख्या भाच्याला सांगितली. त्याच्या म्हणण्यानुसार त्याला आजवर यापेक्षा चांगली कोणी सांगितली नव्हती.

साडूंना खरा धक्का बसला तो प्रेक्षकांच्या आकड्यानं. कोलंबसच्या मैदानात एक लाखाहून जास्त माणसं बसतात, तीही कॉलेजच्या सामन्याला. "आमच्या कॉलेजात गॅदरिंगला पोरं यावीत म्हणून हजेरी घ्यायचे," असं म्हणून ते जरा गप्प झाले.

गप्प का झाले ते मला माहीत आहे. साडू कॉलेजात कबड्डी खेळायचे. चढाईत त्यांचं नाव होतं. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की ब्लेझर मिळायचा, खिशावर बिल्ला असलेला, आणि त्याला कलर मिळाला असं म्हणायचे. एका वर्षी साडूंना तो मिळणार हे सगळे धरून चालले होते. निवड झाली तेव्हा यादीत एक नाव असं होतं की ते मैदानावर कोणी पाहिलंच नव्हतं. त्या नावाचा मामा कोण होता ते साडूंना पाठ आहे, पण ते इथं कशाला! लग्नात साडूंनी शिवलेला कोट निळा होता आणि खिसा कोरा होता, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तेव्हा साडू म्हणाले, स्ट्राउडला मिळणार. मी म्हणालो, नाही मिळणार. मला स्ट्राउडविषयी काही राग नव्हता. साडू हो म्हणाले म्हणून मी नाही म्हणालो. पैज लागली ती भरिताची. हरेल त्यानं जिंकणाऱ्याच्या अंगणात पाच किलो वांग्यांचं भरीत घालायचं, पुऱ्या आणि कळण्याच्या भाकरीसकट.

पैज लागल्यावर अभ्यास करणं आलं. आठवडाभर भाच्याकडून मी गुपचूप माहिती घेत होतो आणि साडूही गुपचूप घेत होते. पोरगं रात्री दोनदा तेच सांगत होतं. माझं म्हणणं असं पक्कं झालं : २६ नोव्हेंबरला मिशिगन विद्यापीठानं कोलंबसला येऊन ओहायो स्टेटला ४५-२३ असं हरवलं. मिशिगन म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी. घरच्या आखाड्यात वैऱ्याकडून पडलेल्या पैलवानाला गदा कोण देईल? आदल्या वर्षीही मिशिगनकडूनच हरले होते आणि तेव्हा हाच स्ट्राउड मतदानात चौथा आला होता.

साडूंकडे याला उत्तर तयार होतं. स्पर्धेत पुढं होता तो सदर्न कॅलिफोर्नियाचा केलेब विल्यम्स. "तो कुठं जिंकला? डिसेंबरच्या दोन तारखेला युटानं त्याला ४७-२४ धुतला! अन् तो दुसरा, टेक्सास ख्रिश्चनचा मॅक्स डगन? तोही तीन तारखेला पडला. पडले तिघंही. मग आमच्याच पोराचं पडणं का मोजता?" आमच्याच पोराचं, हे लक्षात घ्या. स्ट्राउड कॅलिफोर्नियातला. पण साडूंनी त्याच्या विद्यापीठात वर्षाला जी फी भरली होती, तेवढ्या पैशात माणूस घरचा होतोच.

"चौथा कोण आहे?" मी विचारलं. हा प्रश्न विचारायला नको होता. चौथा जॉर्जियाचा स्टेटसन बेनेट. त्याचा संघ त्या मोसमात तोवर तेरा सामने खेळला होता आणि तेराही जिंकला होता. मी म्हटलं, मग त्यालाच मिळेल. भाचा म्हणाला, छे, तो चौथाच येईल.

साडू तावात आले की अहिराणीवर येतात. "जो एकदाबी पडना नही, तो शेवटला? हाऊ कोनता न्याय शे?"

निकाल ११ डिसेंबरला, रविवारी सकाळी आला. न्यूयॉर्कला शनिवारची रात्र होती. साडू आदल्या दिवशीच जळगावला मुक्कामाला आले होते. पैजेचा निकाल फोनवर ऐकणं त्यांना पटत नाही. माझ्या शेतात आम्ही शेकोटीसमोर बसलो होतो. भरीत पैजेचं नव्हतं, ते असंच होतं, हिवाळ्यातल्या रविवारचं. कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून त्यावर पांढरट हिरवी मोठी वांगी अंथरलेली. वांगं भाजत आलं की त्याच्या देठाजवळून फस्सकन वाफ निघते, तेव्हा ते उलटायचं असतं. ते काम साडूंचं. एका हातात काडी, दुसऱ्यात फोन, फोनमध्ये भाचा, आणि भाच्याच्या मागं टीव्हीवर चार पोरं कोट-टाय घालून रांगेत बसलेली.

केलेब विल्यम्सचं नाव पुकारलं गेलं. डगन दुसरा. स्ट्राउड तिसरा. एकदाही न हरलेला बेनेट भाच्यानं सांगितल्याप्रमाणे चौथा.

साडू काही बोलले नाहीत. दोन वांगी कोळसा झाली.

थोड्या वेळानं भाच्यानं हळूच सांगितलं की हा विल्यम्स सामन्याला नखं रंगवून उतरतो. साडूंनी काडी खाली ठेवली. "पैलवान अंगाला तेल लावतो, हे माहीत होतं," एवढंच बोलले. दुपारी दूध संघाचा निकाल आला, तेव्हा शेतात जमलेल्या मंडळींत दोन तट पडले आणि हाईझमनचं नावही कोणी काढलं नाही. हाईझमन म्हणजे ब्राँझची वीस किलोची मूर्ती, चेंडू बगलेत धरून दुसऱ्या हातानं समोरच्याला ढकलणारा खेळाडू. १९३५ पासून देतात. ओहायो स्टेटच्या आर्ची ग्रिफिननं ती १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोनदा नेली. साडूंनी हे आधीच पाठ केलं होतं, जिंकल्यावर मला सांगायला. ते त्यांनी मला हरल्यावर सांगितलं.

पैज मी जिंकलो, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

३१ डिसेंबरला ओहायो स्टेटची गाठ त्या न हरलेल्या जॉर्जियाशी पडली. तिकडे मध्यरात्र, इकडे १ जानेवारीची सकाळ साडेदहाची. साडू धुळ्यात, मी जळगावात, भाचा मध्ये. त्या दिवशी स्ट्राउड जो काही खेळला, तो आमच्यासारख्या अडाण्यांनाही कळला. चार वेळा त्यानं चेंडू असा फेकला की घेणाऱ्यानं तो घेऊन थेट रेषेपलीकडं पाऊल टाकलं. अंगावर येणारी धिप्पाड माणसं तो अशी चुकवत होता, की साडू फोनवर ओरडले, "कबड्डी! अरे ही कबड्डी शे!" शेवटच्या काही सेकंदांत ओहायो स्टेट ४१, जॉर्जिया ४२. चेंडूला एक लाथ नीट बसली असती तर जिंकले असते. लाथ मारणारा दुसराच कोणी होता. नवं वर्ष लागता लागता चेंडू डावीकडून बाहेर गेला.

साडूंचा फोन चालूच होता. बऱ्याच वेळानं आवाज आला, "मतदान पहिले, अन् कुस्ती मंग?"

याला मला उत्तर देता आलं नाही. मतं डिसेंबरच्या सुरुवातीलाच मागवून घेतात. सगळ्यात मोठी लढत नंतर होते. साडूंनी तिथल्या तिथं निकाल दिला, की ही निवडणूक रद्दबातल आहे, म्हणून पैजही रद्दबातल आहे.

मी म्हटलं, आपल्याकडं असं होत नाही, आपल्याकडं गदा मातीत आणि गादीवर ठरते. हे मी बोललो ते १ जानेवारीला. १४ जानेवारीला पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीचा शेवटचा दिवस होता. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची कुस्ती झाली, महेंद्रनं बाहेरची टांग लावली, पंचांनी तिला चार गुण दिले, त्यावरून वाद पेटला, आणि साऱ्या महाराष्ट्रात जो कधी तालमीची पायरीही चढला नव्हता तोसुद्धा बाहेरच्या टांगेवर बोलायला लागला. आमच्या गल्लीतल्या न्हाव्यानं खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाइकाला ती लावून दाखवली. पुढं अंतिम फेरीत शिवराज राक्षेनं महेंद्रला हरवून गदा नेली, सोबत महिंद्राची थार. महेंद्रला ट्रॅक्टर मिळाला. साडूंचा लगेच फोन : "तुमचं मातीत ठरतं ना?"

त्याच २०२३ च्या नोव्हेंबरात तर कमाल झाली. कुस्तीच्या दोन संघटना, म्हणून दोन महाराष्ट्र केसरी. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख जिंकला, आणि काही दिवसांनी धाराशिवला शिवराज राक्षे. ज्यांनी सिकंदरवर पैजा लावल्या तेही जिंकले, ज्यांनी शिवराजवर लावल्या तेही. अमेरिकेत एका माणसाला दोन ट्रॉफ्या मिळतात. आपण एकाच महिन्यात एक किताब दोघांना दिला. मी हे भाच्याला अभिमानानं सांगितलं, तर तो म्हणाला, "मावसा, मग स्ट्राउडलाही एक द्यायला काय हरकत होती?" बापाचं रक्त.

आणि स्ट्राउडला खरोखरच एक मिळाला. २०२३ ला त्याला ह्यूस्टनच्या व्यावसायिक संघानं घेतलं, पहिल्याच मोसमात त्यानं धुमाकूळ घातला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. साडू त्याच दिवशी धुळ्याहून पेढे घेऊन आले. मी विचारलं, "हे कसं ठरलं, कुस्ती की मतदान?" साडूंनी पेढा माझ्या तोंडात कोंबला, म्हणजे मतदान. त्या दिवशी त्यांच्या अंगावर नवा कोट होता, निळा, आणि त्याच्या खिशावर ओहायो स्टेटचा बिल्ला शिवलेला होता. भाच्यानं पाठवला होता म्हणे. मी त्यावर काही बोललो नाही.

पैजेचं बोललो. साडूंचं म्हणणं, शेवटी स्ट्राउडला मान मिळाला तेव्हा पैज तेच जिंकले. माझं म्हणणं, पैज हाईझमनची होती, तिसरा आला तो तिसराच. या वादात दोन हिवाळे गेले. आमच्या बायकांनी दोन्ही वेळा आपापली वांगी भाजून खाल्ली.

साडूभाऊ, हे छापून आलं की तुम्ही वाचालच. पाच किलो वांगी, पुऱ्या आणि कळण्याच्या भाकरी. वांगी जळगावचीच आणा, धुळ्याची चालणार नाहीत.